पातेल्याच्या बदल्यात

मी माझ्या वडिलांची वाचा एका स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात देऊन टाकली. झाकणासकट. झाकण मिळावं म्हणून मी बराच वेळ हुज्जत घातली होती, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

आम्ही बनारसला बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या आणि पुढे गच्चीचा एक तुकडा. घरात बाबा आणि मी, दोघंच. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि पसारा मला डोळ्यांसमोर चालत नाही. बाबा इंग्रजीचे मास्तर होते, निवृत्त होऊनही खूप वर्षं झाली. त्यांना एक वेड होतं. देवघेवीचे, अदलाबदलीचे जुने इंग्रजी शब्द गोळा करायचे. नाण्यांचा खुळखुळाट सगळीकडे पोचला नव्हता तेव्हा माणसं एकमेकांना वस्तू देता-घेताना काय बोलत, एवढंच त्यांना हवं असे. ‘चीप’ म्हणजे आज स्वस्त, पण पूर्वी तो शब्द बाजाराचा होता, सौद्याचा. ‘चॅफर’ म्हणजे घासाघीस करणं. ‘स्वॉप’ म्हणजे आधी नुसता फटका, मग सौदा पटल्यावर हातावर हात मारणं, आणि त्यावरून अदलाबदल.

“बघ,” ते मला सांगत, “हातावर हात मारला की संपलं. कागद नाही, सही नाही. आणि मारलेला हात परत घेता येत नाही.”

“बाबा, मला उद्याचा पेपर काढायचाय,” मी म्हणत असे.

शब्द ते वहीच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहीत. पत्त्यातल्या पानाएवढे तुकडे, कात्रीनं कापलेले. एका बाजूला इंग्रजी शब्द, बाबांच्या अक्षरात, फळ्यावर लिहावा तसा मोठा. दुसऱ्या बाजूला त्याला मराठीत काय म्हणायचं ते, आईच्या अक्षरात. कारण बाबांना मराठीचा भरवसा नव्हता. ते बनारसचेच, चार पिढ्यांचे. त्यांच्या तोंडी भाजीला सब्जी आणि जिन्याला सीढ़ी. आई साताऱ्याकडची. ती म्हणायची, “तुमची मराठी गंगेत बुचकळून बुचकळून फिकी झालीय.” मग तांदूळ निवडता निवडता ती माहेरचे शब्द काढायची.

“बूट,” बाबा विचारत. “अदलाबदल बरोबरीची नसेल, तर कमी पडेल तेवढं वर द्यायचं ते. त्याला काय म्हणतात?”

“वरताळा,” आई मान वर न करता म्हणायची. “तुमचा बैल माझ्या बैलापेक्षा उजवा असला तर मी वर काही तरी द्यायला नको का? तो वरताळा. आणा इकडे, मी लिहिते.”

असे एकशे चाळीस तुकडे झाले. त्याचं पुस्तक वगैरे काही व्हायचं नव्हतं. मी तर स्पष्टच म्हणत असे की हे रिकामपणचे उद्योग आहेत. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि ते उद्योगही थांबले.

मागच्या थंडीत बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजतंय, शब्द आत आहेत, फक्त बाहेर यायची वाट बंद झालीय. बोलण्याचा सराव करून घ्यायला एक मुलगी येत असे. तिनं चित्रांची पानं आणली. पाण्याचा पेला, ताट, संडास. बाबांनी ती डाव्या हातानं पलंगाखाली ढकलून दिली. तिनं मोबाइलवर चित्रं दाखवली, बाबांनी डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षं ज्यांनी वर्गाला शेक्सपिअरच्या भाषेची गोडी लावायचा प्रयत्न केला त्यांना पेल्याचं चित्र दाखवलेलं मलाही बघवेना. पण मी चिडले मात्र त्यांच्यावरच.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते फळीकडे बोट दाखवू लागले. पोथ्या दाखवल्या, नको. पंचांग, नको. शेवटी शब्दांचं गाठोडं काढून दिलं, तर ते छातीशी धरलं. मग एकेक तुकडा बघत त्यांनी एक उचलला आणि माझ्यापुढे धरला. ‘स्वॉप’. मी म्हटलं, आता हे काय? त्यांनी पलंगाच्या या कडेला बोट केलं, मग त्या कडेला. कूस बदलायची होती.

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. ‘बूट’ दाखवला की चहा अजून अर्धा कप. ‘ट्रक’ म्हणजे देवघेवीचा संबंध, आणि इंग्रजीत तो ‘ठेवत नाही’ असंच म्हणतात, म्हणून एखादा पाहुणा आला की बाबा हळूच ‘ट्रक’ वर धरत. याला घालव. ‘चीप’ म्हणजे बाजारातून काय आणलंस, पिशवी दाखव. मी फार बडबडले की ‘चॅफर’. आणि स्कॉटलंडकडचा एक शब्द होता, ‘निफर’. तो मुठीवरून आला असावा असं काही जण म्हणतात, हे बाबांनी मला कधी तरी ऐकवलं होतं. भीती वाटली की ते ‘निफर’ काढत, आणि मी माझी मूठ त्यांच्या डाव्या हातात देत असे. ती धरून ते पडून राहत.

तुकडा ते माझ्याकडे तोंड करून उभा धरत आणि लगेच खाली ठेवत नसत. मला वाटे, मला वाचायला वेळ देताहेत. जन्मभर मास्तर. “कळलं हो बाबा,” मी म्हणत असे, “ठेवा आता.” तरी ते जरा वेळ तसाच धरून ठेवत.

आता गाठोड्याचं सांगायला हवं, कारण घात तिथेच झाला. बाबांचे पणजोबा पोथ्या राखणारे. आमच्या घरी मोलाची वस्तू पेटीत बंद करत नाहीत, जुन्या लुगड्यात बांधतात. नीट चौकोनी घडी घालायची आणि वरून लुगड्याच्याच काठाची पट्टी गुंडाळून गाठ मारायची. पोथ्या तशा, पत्रिका तशा, माझी सर्टिफिकिटंसुद्धा तशीच. बाबांचे शब्द आईच्या एका हिरव्या लुगड्यात होते. आणि आई गेल्यावर तिची उरलेली चार नऊवारी लुगडी मी स्वतः त्याच पद्धतीनं एकेक वेगळी बांधून ट्रंकेत ठेवली होती. बाहेरून बघितलं तर सगळी गाठोडी एका आईची लेकरं.

पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आई सवाष्ण गेली, म्हणून तिचं श्राद्ध अविधवा नवमीला असतं. खिरीचं मोठं पातेलं मी आदल्याच आठवड्यात करपवून त्याचं बूड घालवलं होतं. आमच्याकडे पितृपक्षात नवी वस्तू घरात आणत नाहीत. म्हणजे पातेलं आणायचं तर त्याच दिवशी. त्यात मी घराची झाडलोट काढलेली. बाबांना खुर्चीत बसवून गच्चीत उन्हाला ठेवलं होतं, गादी झटकली होती, चादरी भिजवल्या होत्या. उशाखालचं शब्दांचं गाठोडं उचलून मी ट्रंकेवर ठेवलं. ट्रंकेवर लुगडी आधीच काढून ठेवली होती, ऊन दाखवायला.

तेवढ्यात गल्लीतून हाक आली. “बरतन ले लो, पुराना कपड़ा दे दो.” साताऱ्याकडे जिला बोहारीण म्हणतात तीच ही. जुने कपडे घ्यायचे, भांडी द्यायची. मी तिला वर बोलावलं. तिच्या टोपलीत मला हवं तसं पातेलं होतं, जाड बुडाचं. आईची लुगडी द्यावीशी वाटत नव्हती, खोटं कशाला बोलू. पण वाटलं, तिच्याच खिरीसाठी तर देतेय. तिच्याच लुगड्यांच्या बदल्यात तिच्याच श्राद्धाचं भांडं, हे मला त्या वेळी फार योग्य वाटलं.

मी तीन गाठोडी बाहेर नेली, चौथंही देते म्हटलं. भांडीवालीनं ती सोडून, झटकून, उजेडात धरून पाहिली. “चार में ढक्कन ना मिली, दीदी. पाँच दीं.”

मी आत गेले. ट्रंकेवर दोन गाठोडी उरली होती. चारच होती असं वाटत होतं, पण पाच निघाली, बरंच झालं, असं मी मनात म्हटलं. मुलींना बेरजा-वजाबाक्या शिकवणाऱ्या बाईनं हे म्हटलं. दोन्ही उचलून तिच्यापुढे टाकली. ती गाठ सोडायला लागली. तेवढ्यात गच्चीतून बाबांचा आवाज यायला लागला. घशातून येणारा, नुसता, अं, अं, अं. खुर्चीचा पाय फरशीवर आपटत होता.

“थांबा हो बाबा, एक मिनिट,” मी ओरडले.

आवाज वाढला. मला घाई झाली आणि घाई झाली की माझा तोल जातो. मी तिला म्हटलं, “खोलने की क्या ज़रूरत है? सब एक जैसी हैं. लेना है तो लो.” तिनं पाचही गाठोडी टोपलीत भरली, झाकण पातेल्यावर ठेवलं आणि जिना उतरून गेली.

मी गच्चीत गेले. बाबांची खुर्ची तिरपी झाली होती. टोपी खाली पडली होती आणि डावा हात सरळ जिन्याकडे होता. मी म्हटलं, “किती तो आरडाओरडा! खाली गल्लीत नेऊ का तुम्हाला या उन्हात?” त्यांना उचलून आत आणलं, पलंगावर निजवलं. त्यांनी हात उशाखाली घातला. रिकामा बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला.

मग मला कळलं. गच्चीच्या दारातून त्यांना सगळं दिसत होतं. सांगायला मात्र जवळ एकही शब्द नव्हता, कारण ते शब्दच मी देत होते.

पातेलं तसंच हातात घेऊन मी जिना उतरले. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना ओरडून सांगितलं, बाबांजवळ बसा. गल्ल्यांमधून संकठा घाटापर्यंत धावले. प्रत्येक वळणावर विचारत होते, बरतनवाली देखी? कुणी म्हणालं वर गेली, कुणी म्हणालं खाली. घाटांवर पितृपक्षाची माणसं यायला सुरुवात झाली होती, न्हावी बसायची जागा झाडत होते. एका गुरुजींनी मला हातात पातेलं घेऊन रडताना पाहिलं आणि समजुतीच्या स्वरात विचारलं, “केव्हा गेले?” मी त्यांच्या अंगावर खेकसले. अंधार पडेपर्यंत ती सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर ती भेटली. मी पातेलं तिच्यापुढे ठेवलं.

“बदलल चीज वापस ना होला, दीदी,” ती शांतपणे म्हणाली. “एक के लौटाइब त सब लौटावे अइहें.” एकाचं परत घेतलं की सगळेच परत करायला येतील, असं तिचं म्हणणं.

“साड़ी भी रखो, बरतन भी रखो. एक गठरी में काग़ज़ थे. मेरे पिताजी के हैं. वो बोल नहीं सकते, उसी से बोलते हैं.”

तिला काय कळलं असेल देव जाणे, पण ती उठली. “हम त खोलबे ना कइलीं. आप ही मना कइलीं,” एवढं म्हणाली आणि पातेलं परत माझ्या हातात दिलं. टोपली शेजारच्या फुलवालीकडे सोपवून ती माझ्याबरोबर ई-रिक्शात बसली.

तिनं आदल्या संध्याकाळीच गाठोडी जिथे विकली होती ते जुने कपडे निवडायचं आवार गावाबाहेरच्या बाजूला होतं. पत्र्याखाली कपड्यांचे ढीग आणि त्यांत बसलेल्या बायका. एक माणूस टेबलावर काटा ठेवून कपडे तोलत होता. आईचं लुगडं मला लगेच सापडलं, म्हणजे त्याचे तुकडे. फरशी पुसायच्या फडक्यांच्या मापाचे फाडून एकावर एक रचले होते, हिरवे, लाल काठाचे. मी विचारलं, यात पुठ्ठे होते ते कुठे आहेत? एका म्हाताऱ्या बाईनं हसून कोपऱ्यातल्या चुलीकडे मान केली. “गत्ता अच्छा जलता है. दो बार चाय बनी.”

मी चुलीतल्या राखेत हात घातला. राख गार होती. तुकड्याचा आकार तसाच राहिलेला दिसला की मी बोट लावी आणि तो मोडून जाई. भांडीवाली माझ्या शेजारी उकिडवी बसून काडीनं राख उकरत होती. मी रडत होते आणि स्वतःला शिव्या देत होते, मराठीत, सगळ्यांदेखत. एकशे चाळीस शब्दांवर त्यांनी दोनदा चहा केला होता.

जायला निघाले तेव्हा काट्याच्या टेबलाकडे लक्ष गेलं. एक पाय आखूड होता आणि त्याच्याखाली दुमडून काही तरी घातलं होतं. मी खाली वाकले. बाबांचं अक्षर. ‘चॅपमन’. मी तो त्या तोलणाऱ्या माणसाकडे मागितला. तो म्हणाला, “ले जाइए, पर उसकी जगह कुछ दे दीजिए. पाया हिलता है.”

मी माझ्या रुमालाची घडी त्या पायाखाली घातली आणि तुकडा घेतला. मागच्या बाजूला आईचं अक्षर होतं, जरा डावीकडे कललेलं. ‘फेरीवाला.’

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही, चहासुद्धा. ते छताकडे बघत होते. तो एक तुकडा त्यांना तेव्हा दिला नाही. एकच कसा द्यायचा? मी ठरवलं, सगळे परत लिहायचे. शाळेत रजा टाकली, वह्यांचे पुठ्ठे कापले, आणि बसले. मला वाटत होतं मी त्यांचं कधी ऐकलंच नाही. पण एकेक शब्द यायला लागला. ‘कोप’, ‘ट्रोक’, ‘हिगल’, घोड्यांच्या अदलाबदलीचा तो ‘स्कॉर्स’. साटंलोटं, मोबदला, वरताळा. माझ्या नकळत ते सगळं माझ्यात साठत गेलं होतं. त्र्याण्णव शब्द झाले. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी, माझ्या सरळ, गणिताच्या अक्षरात. मला चक्क आनंद झाला. वाटलं, निभावलं.

नवमीला सकाळी, खीर चुलीवर ठेवायच्या आधी, मी ते त्र्याण्णव तुकडे बाबांच्या मांडीवर ठेवले. “घ्या,” मी म्हटलं. “आता बोला.”

त्यांनी पहिला उचलला. इंग्रजी बाजू पाहिली, उलटा केला, मराठी बाजू पाहिली आणि बाजूला ठेवला. दुसरा उचलला, उलटा केला, ठेवला. तिसरा. मी म्हटलं, “सगळे आहेत हो, नेहमीचे सगळे आहेत.” ते थांबले नाहीत. इंग्रजी बाजूकडे तर चौथ्या-पाचव्यानंतर त्यांनी बघणंही सोडलं. नुसतं उलटायचं, बघायचं, ठेवायचं. त्र्याण्णवच्या त्र्याण्णव. संपल्यावर त्यांनी रिकामा हात माझ्यापुढे धरला, त्या दिवशी धरला होता तसा.

मी देवघरातून तो चुरगळलेला तुकडा आणून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो नेहमीसारखा धरला, माझ्याकडे तोंड करून, उभा. मला दिसलं ‘चॅपमन’. आणि मी पलंगाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले. कारण तुकडा माझ्याकडे तोंड करून धरला की त्याची मागची बाजू त्यांच्याकडे येते. इतके महिने ते मला शब्द दाखवत होते आणि स्वतः आईचं अक्षर वाचत होते. चहा मागताना, कूस बदलताना, घाबरल्यावर. आणि मी म्हणत होते, कळलं हो बाबा, ठेवा आता.

आईच्या हातचं दुसरं काही घरात नाही. तिनं पत्रं लिहिली नाहीत, हिशेब लिहिले नाहीत, वही केली नाही. तिनं लिहिलं ते तेवढंच, एकशे चाळीस वेळा.

त्या दिवशी खीर त्याच पातेल्यात केली. पातेलं चांगलं आहे, खाली लागत नाही. माझे त्र्याण्णव तुकडे मी लुगड्यात नाही, एका बरणीत भरून त्यांच्या उशाशी ठेवले आहेत. बाबा त्यांना हात लावत नाहीत. ते आता सगळ्यासाठी तो एकच तुकडा उचलतात.

आज सकाळीही उचलला. मी विचारलं, “पाणी हवंय?” नाही. “कूस बदलू?” नाही. “चहा? दुखतंय का कुठे? भीती वाटतेय?” मी माझी मूठ पुढे केली. त्यांनी ती धरली नाही, त्यांचा एकच हात चालतो आणि त्यात तुकडा होता. मी पलंगाशी खाली बसले आणि वाट बघत राहिले. त्यांचं वाचून व्हायचं होतं.